गयेत सोडलेलं जीवनसत्त्व

ज्यांना ज्यांना हिरड्या आहेत, निदान पूर्वी होत्या, आणि ज्यांनी जन्मात एकदा तरी वरणावर लिंबू पिळलं आहे, अशा समस्त मानवजातीला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की आमच्या पुसदमध्ये एका निवृत्त विज्ञानशिक्षकाला स्कर्व्ही झाला. कृपया हसू नये. उभं राहून ऐकलंत तर उत्तम.

स्कर्व्ही म्हणजे तोच, शाळेच्या पुस्तकातला. सी जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग होतो? एका गुणाचा प्रश्न. उत्तर लिहायचं, गुण घ्यायचा, विसरून जायचं. हा रोग पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा. पुसदपासून समुद्र इतका लांब आहे की आमच्या पोरांना तो फक्त नकाशातला निळा रंग म्हणून माहीत. आणि झाला तरी कोणाला? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसरं काही केलंच नाही, गावाला आंबट खायला लावण्याशिवाय, त्याला. पोहायला शिकवणारा बादलीत बुडावा, तसं झालं हे.

सर ज्या शाळेत होते, त्याच शाळेत मी मराठी शिकवतो. सर मला नावानं कधी हाक मारत नसत. 'काय व्याकरण, जेवले का?' असं विचारायचे. आम्ही सगळे त्यांना पाठीमागे 'आंबटसर' म्हणत असू आणि त्यांना ते माहीत होतं. सदऱ्याच्या ज्या खिशात बाकीचे मास्तर लाल पेन ठेवतात, त्या खिशात त्यांचं लिंबू असायचं. पँटच्या खिशात घडीचा चाकू. उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी बसलं की सरबताचा वास यायचा.

लग्नाच्या पंगतीत भात वाढणारा, वरण वाढणारा, बुंदी वाढणारा असे मानकरी असतात. आमच्या गावात आणखी एक मानकरी होता. पानात मिठाशेजारी लिंबाची फोड वाढलेली असते आणि निम्मे लोक ती शोभेची समजून तशीच टाकून उठतात, हे सरांना बघवत नसे. ते स्वतः शेवटच्या पंगतीला बसायचे. आधीच्या पंगतींतून वाकून वाकून फिरायचे आणि ज्यानं फोड पिळली नसेल त्याच्या वरणावर आपल्या हातानं पिळायचे. एकदा नवरदेवाच्या मामानं त्यांचा हात धरला.

"मास्तर, मी आंबट खात नाही."

"जेवण झाल्यावर चहा पेता का जी?"

"पेतो ना."

"म्हणजे भाजीतलं लोह दारापर्यंत येते अन् तुम्ही त्याले चहा पाजून वापस पाठवता. त्याले हात धरून घरात नेणारं कोणी लागते का नाही? हे पाहा, हे लागते," असं म्हणून सरांनी पिळलं. मामा बघत राहिला. त्याच्या शेजारचे पाहुणे मात्र हसून हसून ठसक्यावर आले आणि त्यांनी आपापल्या फोडी मुकाट्यानं पिळून घेतल्या.

रस्त्यात बकरी दिसली की सर थांबायचे आणि हात जोडायचे. चेष्टा नाही, चांगला दोन्ही हातांनी नमस्कार. नवीन माणूस चक्रावायचा. मग सर समजावून सांगायचे, "बकरी आपलं सी आपल्याच अंगात तयार करते. कुत्रं करते, मांजर करते. माणूस, माकड अन् काही वटवाघळं यांले ते जमत नाही. आपण मागून खाणारे आहो. मंग ज्याच्या घरी पिकते त्याले रामराम कराले काय जाते?"

त्यांचा सी जीवनसत्त्वाचा तास बघायला आम्ही इतर मास्तर खिडकीशी उभे राहत असू. सर त्या दिवशी सदऱ्यावर आणखी एक जुना सदरा घालून यायचे. पोरांना म्हणायचे, "चामडी, हिरड्या, रक्ताच्या नळ्या, हाडं. हे सारं एका धाग्यानं शिवलेलं आहे. तो धागा कायच्यानं तयार होते? सीनं. अन् सी अंगात साठून राहत नाही. रोजचं रोज लागते. नाही भेटलं तं काय होते?" मग खांद्यापाशी लोंबणारा एक दोरा चिमटीत धरून ते ओढायचे. सर्रकन अख्खी बाही निघून खाली पडायची. मग दुसरी. मग पाठ. वर्ग हसून लोळायचा आणि सर त्या चिंध्यांमध्ये उभे राहून शांतपणे म्हणायचे, "असा उसवते माणूस. जुनी जखम सुद्धा उघडते. पंचवीस वर्षांपूर्वी भरून आलेली असली, तरी."

तो सदरा दरवर्षी सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तयार करून द्यायच्या. सगळी पक्की शिवण उसवून पुन्हा कच्चे टाके घालायच्या, एका ओढीत सुटेल असे. दोरा कुठून ओढायचा ती जागा त्या सकाळी सरांना बोट लावून दाखवायच्या. मला म्हणायच्या, "भाऊजी, दुनियेच्या बायका टिकावं म्हणून शिवते. मले मेलीले सुटावं म्हणून शिवा लागते."

वहिनींचं आणि सरांचं रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्या उकळत्या वरणातच लिंबू पिळायच्या.

"खून करून राह्यली तू! उकळीनं मरते ते, किती डाव सांगू?"

"मंग जा पोलिसात. पण जेवून जा, वरण थंडं होऊन राह्यलं."

आवळ्याच्या दिवसांत त्या मोरावळा करायच्या. सर त्या बरणीला 'आवळ्याची समाधी' म्हणायचे. बरणी मात्र संक्रांतीच्या आत रिकामी व्हायची, आणि घरात खाणारी माणसं दोनच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली.

सरांची एक गोष्ट मला तेव्हा त्रासदायक वाटायची आणि आता मोठी वाटते. ते सीचं कधी खोटं कौतुक करत नसत. कोणी म्हणालं की सर, तुमच्या लिंबानं माझी सर्दी गेली, की चिडायचे. "सर्दी आपल्या पायानं येते अन् आपल्या पायानं जाते. लिंबाचं नाव कायले खराब करता? हे औषध नाही बाप्पा, अन्न आहे. औषधाले मोठेपणा असते. अन्नाले भूक असते, बस." करोनाच्या दिवसांत अख्खं पुसद गोळ्या चघळत होतं, लिंबं मिळेनात. मला वाटलं, सरांचे दिवस आले. तर ते ओट्यावर तोंड पाडून बसलेले. म्हणाले, "काय सांगू व्याकरण, सारं गाव बरोबर चीज चुकीच्या कारणानं खाऊन राह्यलं. माह्या जन्माची मेहनत पाण्यात."

आता एक रिवाज सांगतो. आमच्याकडे काशी-गयेची यात्रा केली की तिथं एखादं फळ किंवा भाजी सोडून यायची. सोडली म्हणजे जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही. लोक हिशेबानं सोडतात. माझ्या मावशीनं कारलं सोडलं, ते तिला कधीच आवडत नव्हतं. आमच्या शाळेच्या कारकुनानं फणस सोडला, तो आमच्या बाजारात दिसतो कुठे? हा कारकून शिक्षकांच्या खोलीत आपल्या त्यागाची कथा सांगत होता तेव्हा सर चाकूनं पेरू कापत होते. मान वर न करता म्हणाले, "नावडतं सोडलं तं त्याले त्याग नाही म्हणत. सुटका म्हणते." कारकून महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

वहिनींना गयेला जायचं होतं. सर दर उन्हाळ्यात म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात नेतो. निवृत्त झाल्यावर म्हणायचे, आता काय, कधीही जाऊ. त्या हसायच्या. मग एका दिवाळीनंतर वहिनी गेल्या. सकाळी चांगल्या होत्या, दुपारी नव्हत्या. छातीचं दुखणं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सर त्या दिवशी ढाणकीला गेले होते, एका शाळेत व्याख्यान द्यायला. विषय सांगायला नको.

अस्थी घेऊन ते गयेला निघाले. मुलीचं बाळ अगदी तान्हं, तिला येता येईना. मी सोबत गेलो. गाडीत सरांनी वाटेत काही खाल्लं नाही, खिडकीबाहेर दिसलेल्या बकऱ्यांना हातही जोडले नाहीत. पिंडदान झालं. वडाखाली पंड्यानं त्यांना उभं केलं आणि म्हणाला, "अब बाबूजी, एक फल छोड़िए। जो सबसे प्यारा हो। मन में बोलिए, हमको बताना ज़रूरी नहीं।"

सर डोळे मिटून उभे राहिले. मागे रांग लागली, लोक कुरकुरले, पंडा खाकरला. सर उभेच. शेवटी त्यांनी ओंजळीतलं पाणी सोडलं आणि डोळे उघडले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय सोडलं, सर?"

"दोडके."

दोडक्याच्या भाजीचा ते किती तिरस्कार करत ते मला ठाऊक होतं. मी इतका हसलो की वरच्या बाकावरचा माणूस उठून बसला. "सुटका म्हणते याले, सर, सुटका!" मी म्हणालो. तेही हसले. मला बरं वाटलं. वाटलं, माणूस परत येतो आहे.

त्या हिवाळ्यात मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचो. खिशात लिंबू नसे. मला ते दुःखाचं वाटलं, विचारलं नाही. चुलीवर म्हणजे गॅसवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत असायचा. खिचडी इतकी शिजवायचे की तिला डाळ-तांदूळ हा भेद उरत नसे. भाजी केलीच तर उकळून पाणी फेकून द्यायचे. एरवी चहा आणि टोस्ट. मी पेरू नेले तर हसून घ्यायचे. एकदा परत वळून पाहिलं, तर फाटकाशी उभे राहून ते पेरू शेजारच्या बकरीला चारत होते. मी बायकोला म्हणालो, बघ, ज्याच्या घरी पिकतं त्यालाच हे आणखी देऊन राहिले. आम्ही दोघं हसलो.

संक्रांतीनंतर ते ओट्यावरून उठताना भिंत धरायला लागले. पायावर निळे डाग दिसले. म्हणाले, "पडलो." मग हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या आणि टोस्ट चहात बुडवूनही खाताना रक्त यायला लागलं. म्हणाले, "वय झालं." एक दिवस त्यांच्या पायजम्यावर गुडघ्यापाशी रक्त दिसलं. तरुणपणी सायकलवरून पडल्याचा तिथं जुना व्रण होता. तो व्रण उघडला होता, कोणी सुरीनं उकलावा तसा. तो बघताना सरांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. वर्गातली वही तपासावी तसे ते बघत होते. मी गाडी बोलावली आणि त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथे पहिले काही दिवस सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो कोणी उच्चारत नव्हतं. रक्ताचा कॅन्सर. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. सर खाटेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांकडे मोठ्या आशेनं बघायचे, आणि डॉक्टर निघून गेला की मान उशीवर टाकायचे. मला वाटलं, ते घाबरलेत.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, दिग्रसकडच्या एका तांड्यावरची मुलगी. तिनं चादर बाजूला केली आणि भिंग घेऊन सरांच्या पिंढऱ्या बघत बसली. एकेका केसाच्या मुळाशी लाल ठिपका होता आणि केस गुंडाळलेल्या तारेसारखे वळले होते.

"आजोबा, जेवता काय तुम्ही?"

"खिचडी. चहा. टोस्ट."

"भाजी?"

"उकळून. पाणी फेकून."

"लिंबू, संत्रं, पेरू, काहीच नाही?"

सर उठून बसायला लागले. मी पाठीला हात दिला. त्यांचे डोळे चमकत होते. "बोला, बोला," ते म्हणाले. "भेऊ नका. चुकलं तं चुकलं."

ती घुटमळली. "पण हे आता... हे फक्त पुस्तकातच वाचलं आहे. स्कर्व्ही?"

"शाबास!" सर म्हणाले. "बसा खाली."

आणि ती खरोखरच स्टुलावर बसली.

"कधीची वाट पाहून राह्यलो मी," सर म्हणाले. "एवढे मोठे मोठे येऊन गेले. कोणी जेवणाचं विचारतच नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, मले दुसरं काही माहीतच नाही."

मग त्यांनी सांगितलं. वडाखाली त्यांनी दोडके सोडले नव्हते. लिंबूही सोडलं नव्हतं, आवळाही नाही. "लिंबू सोडलं असतं तं पेरू होता. पेरू सोडला तं मिरची होती, सांबाराची हिरवी जुडी होती, कोबी होती. अशी पळवाट ठेवून सोडलं तं ते सोडणं नव्हे," सर म्हणाले. "मी सीच सोडलं."

लोक फळ सोडतात. आमच्या सरांनी फळाच्या आतलं, डोळ्यांना न दिसणारं, जिभेला न कळणारं ते सोडलं. आणि ते ज्यात ज्यात असेल ते टाळण्यासाठी, किंवा उकळून उकळून मारण्यासाठी, त्यांनी आपली सगळी विद्या वापरली. मी जगात असा दुसरा मूर्ख पाहिला नाही, आणि इतका प्रामाणिक माणूसही.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "औषध किती साधं आहे माहीत आहे ना तुम्हाला? सुईतून दिलं की चार दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबते. पण ते हो म्हणत नाहीत, आणि शुद्धीवर आहेत, मी जबरदस्ती करू शकत नाही. आत कुठं रक्तस्राव झाला, मेंदूत, हृदयाशी, तर मग मला काही करता येणार नाही. ते कधीही होऊ शकते. आज सुद्धा."

मी खिसे चाचपले. पंड्यानं दिलेलं कार्ड पाकिटात होतं. फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून सरांच्या उशाशी धरला. परिस्थिती सांगितली.

"विटामिन?" पंडा म्हणाला. "ये कौन सा फल है?"

"फल नहीं है पंडाजी, फल के अंदर रहता है."

"अंदर तो गुठली रहती है! गुठली छोड़ने से फल थोड़े ही छूटता है. बाबूजी से कहिए, आराम से खाएँ। हमने फल छुड़वाया था।"

मी विजयी मुद्रेनं सरांकडे बघितलं. सर फोनच्या जवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "पंडाजी, आपने कहा था, जो सबसे प्यारा हो."

पलीकडे गयेच्या रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

"हाँ," पंडा म्हणाला. आवाज खाली आला होता. "वो तो हम सबको कहते हैं बाबूजी। मानता कोई नहीं।"

फोन ठेवल्यावर मी खरंच चिडलो. म्हणालो, "सर, कारकुनाची चेष्टा करत होते तुम्ही. वहिनी असत्या तर काय म्हणाल्या असत्या? काहून करता हे?"

तेव्हा, दुपारच्या त्या उन्हात, खिडकीकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या मुलीखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. आता सरही नाहीत, म्हणून लिहितो.

त्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या होत्या, छातीत जळजळून राह्यलं. सर ढाणकीला निघायच्या घाईत. त्यांनी आवळे किसले, रस काढला, पाण्यात घालून पेला त्यांच्या हातात दिला. म्हणाले, पित्त आहे, हे पे, आराम पडन. वहिनींनी पेला घेतला. म्हणाल्या, "जा तुम्ही. पोरं वाट पाहत असतीन."

"जन्मभर लोकांले सांगतलं," सर म्हणाले, "हे औषध नाही, अन्न आहे. सर्दीले सुद्धा देऊ देल्लं नाही कोणाले. अन् घरच्या माणसाले, जिंदगीत एकदा, औषध म्हणून देल्लं. दवाखान्यात न्या लागत होतं, व्याकरण. हाकेवर दवाखाना होता. मी तिले पेला देल्ला अन् भाषण कराले गेलतो."

खालच्या आवारात कोणीतरी संत्री विकत होता आणि त्याची आरोळी वरपर्यंत येत होती. सरांनी खिडकी लावायला सांगितली. मी लावली.

मी नागपूरला त्यांच्या मुलीला फोन केला. तिला आजारपणाचं कळवलं होतं, पण सरांनी तिला साधा अशक्तपणा आहे असंच सांगायला लावलं होतं. आता सगळं सांगितलं. व्रत, पेला, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "काका, निघाली मी."

संध्याकाळी ती आली, कडेवर बाळ, केस विस्कटलेले. ती आत शिरताच सरांनी ओठ मिटून घेतले, हिरड्या दिसू नयेत म्हणून. तिनं बाळाला माझ्याकडे दिलं आणि खाटेच्या कडेला बसली. सुरुवात तिनं समजुतीनंच केली. नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिनं आईचे कागद तेव्हाच दाखवले होते. ते म्हणाले होते, झटका मोठा होता, पुढचं कोणी सांगू शकत नाही, नेलं असतं तरी कदाचित.

"कदाचित," सर म्हणाले. "बाकीच्या अर्ध्या कदाचितचं काय?"

मग ती म्हणाली, आईला हे आवडलं नसतं. सर म्हणाले, तिला गयेला जायचं होतं तेही मी ऐकलं नाही. ती म्हणाली, नातवाकडे बघा. सरांनी नातवाकडे बघितलं, खरंच बघितलं, आणि तोंड फिरवून घेतलं. डॉक्टरीणबाई सुई भरून ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं अख्खं घर जेवण थांबवून ऐकत होतं. मुलीचे सगळे मुद्दे संपले. शांत, शिकलेली, समजूतदार मुलगी ती. बँकेत अधिकारी आहे, लोकांशी दिवसभर गोड बोलते.

सर पुढं काही वर्षं जगले. नागपूरला तिच्याकडे राहिले, हिरड्या भरल्या, व्रण मिटला. लिंबू खायचे, पण औषध घ्यावं तसे, डोळे मिटून. कोणाच्या ताटावर पिळलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. पण त्या संध्याकाळी त्यांनी बाही वर सारून हात डॉक्टरीणबाईंपुढे केला, तो पंड्याच्या शास्त्रामुळे नाही, माझ्या चिडण्यामुळे नाही, की नातवामुळेही नाही. समजावणं संपल्यावर ती मुलगी एकदम उठून उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी, लहान पोरीसारखी ओरडली:

"बाबा, आई गेली तं मले फोन तुम्ही केलता. तुम्ही गेले तं मले फोन कोण करन?"